घंटीची वाटी

मास्तर, तुम्हाला जाऊन आता नऊ-दहा वर्षं झाली असतील, आणि मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हा लिहायचं कारण नव्हतं, तुम्ही रोज आमच्या दुकानावरूनच जायचात. शिवाय माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, ओळ सुरू होते वर आणि संपते खाली. ते अजून तसंच आहे. आज शनिवार. अळणावरच्या अलीकडं एका खेड्यातल्या शाळेच्या पायरीवर बसून हे लिहितोय. शाळा म्हणजे एक खोली आणि एक फणसाचं झाड. मी इथं कसा आलो ते सांगायला लागलो तर मधे दांडेली येईल, दांडेलीतली लाकडाची वखार येईल, त्या वखारीतलं माकड येईल, आणि तुम्ही म्हणाल, मूळ गोष्ट कुठाय. म्हणून माकड राहू दे. मूळ गोष्ट सायकलची आहे. तुम्हाला ती पाठ आहे, खरं माझ्या बाजूनं तुम्ही ती कधी ऐकलेली नाही.

आधी तुमचा तास. चौथीच्या वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास हस्तकलेचा होता. भिंतीवर टकळ्या टांगलेल्या असायच्या, आणि त्या खाली काढलेल्या मी वर्षभरात एकदाच पाहिल्या, तपासणीचे साहेब आले तेव्हा. एरवी तुम्ही दार लोटून घ्यायचात, टेबल मागं सरकवायचात आणि म्हणायचात, समजा. आम्ही त्याला समजाचा तासच म्हणायचो. खिडकीकडची तरटाची पट्टी ‘हौदु’, दाराकडची ‘इल्ला’. शाळा मराठी, पण हो आणि नाही आमच्या तोंडात कानडीतच यायचं, ते तुम्ही तसंच ठेवलंत. ज्याला काहीच ठरवता येत नाही त्यानं मधे उघड्या फरशीवर बसायचं. थंडीत ती फरशी एवढी गार की पोरं भराभर ठरवून मोकळी व्हायची. आणि मग तुमचा तो नियम. मत बदललं तर नुसतं तोंडानं सांगायचं नाही, उठायचं, चालत जाऊन दुसऱ्या पट्टीवर बसायचं. सगळा वर्ग एका सुरात विचारणार, कुणी उठवलं? मग ज्याच्या बोलण्यानं आपण उठलो त्याचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं जाईल त्याला त्या दिवशी शाळा सुटल्याचा टोल द्यायला मिळायचा. पण तुमची मान डोलायची ती उठणाऱ्यासाठी, गाण्यातली एखादी जागा आवडल्यावर डोलते तशी. हरलेल्याला दाद देणारे तुम्ही पहिलेच. गोकुळ रोडच्या वर्कशॉपांत एवढं फिरलो, दुसरा कुणी भेटला नाही.

काय काय विचारायचात तुम्ही. समजा, तुमच्या मांजराला फक्त कानडी कळतं आणि घरात सगळे मराठी बोलतात, तर ते मांजर तुमच्या घरचं का? समजा, एकानं पेढा खाल्ला आणि खाल्ल्याचं पार विसरला, तर त्याला पेढा मिळाला का? ह्यावर मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं होतं की त्याची भूक गेली का राहिली, आणि अर्धा वर्ग उठून इकडचा तिकडं झाला होता. समजा, एक मुलगा कधी खोटं बोललाच नाही, कारण त्याला खोटं बोलायला जमतच नाही, तर तो चांगला का? हे मी अजून चघळतो, बेलूरच्या कारखान्यात पाळीवर असताना तर एकदा ह्याच नादात चुकीचं बटण दाबलं होतं. तक्रारीही यायच्या. दाजीबानपेठेतल्या एका दुकानाचे कारकून शाळेत येऊन सांगून गेले की आमचा पोरगा ताटावर बसून म्हणतो, समजा ही भाकरी नाहीच, आणि जेवत नाही. मोठे सर, म्हणजे आपले हेडमास्तर, तेव्हा वर्गाच्या दारात उभं राहून आमच्यासमोरच तुम्हाला म्हणाले की आणखी एक भानगड कानावर आली की टकळ्या खाली येतील आणि हा तमाशा बंद. तुम्ही बरं म्हणालात. ते गेल्यावर तुम्ही दार लोटलंत आणि म्हणालात, समजा, मोठे सर आपल्या वर्गात बसलेत, तर ते कुठल्या पट्टीवर बसतील?

मी मात्र कधी उठलो नाही. पहिल्यांदा जिथं बसलो तिथंच टोल पडेपर्यंत. तुम्ही एकदा म्हणालात, तुझं बूड फार जड आहे रे, आणि सगळे हसले, मीही हसलो, पण ते मला लागलं. मग सायकलीचा शनिवार आला. समजा, माझ्या सायकलीचा एकेक भाग झिजला आणि मी एकेक बदलत गेलो, तर ती तीच सायकल का? माझे अप्पा सायकल दुरुस्तीवाले, तर मी ह्या विषयातला मोठा माणूस. मी इल्लाच्या पट्टीवर जाऊन मांडी ठोकली. अप्पा सगळं बदलून दिल्यावर गिऱ्हाइकाला म्हणतातच की, तुमची नवी गाडी केली बघा. समोर हौदुवर ती होती, कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या हमालाची मुलगी, एकच वेणी आणि तीही तिरकी. ती म्हणाली, दरवर्षी चौथीतली सगळी पोरं जातात, दुसरी येतात, मग काय शाळा बदलली म्हणायचं? तेवढ्यावर माझ्या पट्टीवरचे अकरा जण उठले. मी एकटा राहिलो. तुम्ही माझ्याजवळ उकिडवे बसलात आणि म्हणालात, ठीक आहे, नको उठू, पण मग मला सांग, कितवा भाग बदलला की ती माझी राहत नाही? विचार कर आणि सांग.

आता हा घरी न्यायचा प्रश्न होता. दुसऱ्या कुणी पोरानं डोकं खाजवलं असतं. सायकलवाल्याच्या पोरानं पाना घेतला.

शनिवारी सकाळी कवायतीच्या वेळी मला सूट होती, आठवतं ना. अप्पांचा पंप आणून तुमच्या आणि मोठ्या सरांच्या सायकलीत हवा भरायची, हे माझं काम. लिंबाखाली दोन्ही गाड्या शेजारी उभ्या, एकाच कंपनीच्या, दोन्ही काळ्या, दोन्ही बावीस इंची. भाग आणायचे कुठून हा प्रश्नच नव्हता. पहिल्या शनिवारी मी घंट्यांच्या वाट्या बदलल्या, त्या तर हातानंच फिरतात, आणि वेळ उरला म्हणून डावी पायडलंही बदलली. डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो, तो उलटा फिरवायचा, हे मला आठव्या वर्षी येत होतं आणि सातचा पाढा येत नव्हता. शाळा सुटल्यावर मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. तुम्ही टांग टाकलीत, घंटी वाजवलीत आणि गेलात. पुढच्या शनिवारी कॅरियर. मग मागचं मडगार्ड. मग पुढचं चाक, त्या दिवशी कवायत लांबली म्हणून जमलं. मागच्या चाकाला मी हात घातला नाही, चेन उतरवायची तर वेळ पुरला नसता. दर शनिवारी मी बघतोय की आज तुम्ही थांबाल, खाली उतराल आणि म्हणाल, ही माझी नव्हे. आणि तुम्ही दर शनिवारी टांग टाकून जाताय.

पाचव्या शनिवारी मी सीट बदलली, आणि फसलो. मोठ्या सरांची सीट सासुरवाडीहून आलेली होती, खाली जाड स्प्रिंगा, वर मऊ कातडं. तुमची म्हणजे फळी. ते बसले आणि तसेच उतरले. त्यांनी तुमच्या गाडीकडं पाहिलंच नाही, तुम्ही तोवर गेला होतात. गाडी हातानं ढकलत ते सरळ आमच्या दुकानात आले. मी मातीच्या भांड्यात रॉकेलमधले छर्रे धूत होतो. अप्पांनी गाडी उलटी केली, पुढचं चाक फिरवलं आणि बोटानं थांबवलं. त्यातली एक तार बाकीच्या तारांहून चकचकीत होती. अप्पा म्हणाले, सर, ही तार मी टाकलीय, हे चाक तर मास्तरांचं आहे. मग ते पायडलाकडं गेले, कॅरियरकडं गेले. मग ते माझ्याकडं बघायला लागले. एका भांड्यातल्या छर्र्यांकडं माणूस किती वेळ बघू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मोठे सर म्हणाले, सोमवारी पोराला घेऊन या, आणि गेले. अप्पा ओरडले नाहीत. त्यांचं स्वतःचं नाव तिसरीत शाळेच्या पटावरून कमी झालं होतं, आणि त्यावर ते कधी बोलत नसत. रविवारी जेवताना एवढंच म्हणाले, तुझंपण नाव जातंय बघ, खरं माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढं गेलास. आई, आमची अव्वा, उठून आत गेली. मला माझ्या नावाचं एवढं वाटत नव्हतं. मला वाटत होतं की आता दार लोटलं जाणार नाही, टकळ्या खाली येणार, आणि ते माझ्यामुळं.

सोमवारी लिंबाखाली दोन्ही गाड्या उभ्या आहेत. मोठे सर, तुम्ही, टोपी हातात घेतलेले अप्पा, आणि मी. खिडक्यांतून चौथी बघतेय, आणि थोड्याच वेळात चौथी खिडक्यांत राहत नाही, अंगणात येते. मोठे सर म्हणतात की आजपासून समजा बंद, शनिवारी पोरं सूत काततील, आणि हे ज्यानं केलं त्यानं दाखला घेऊन जायचं. कुणी केलं हे?

मला मी म्हणायचं होतं. तोंड उघडलेलंही होतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही. तुम्ही म्हणालात, “समजा, मीच केलं.”

मोठ्या सरांचे कान लाल झाले. ते म्हणाले, मास्तर, थट्टा पुरे. तुम्ही म्हणालात, थट्टा नाही सर, दाखला पोराचा काढायचा का माझी बदली लिहायची ते तुम्ही ठरवा, त्याआधी तुमची गाडी तेवढी घेऊन बाजूला उभी करा.

मोठ्या सरांनी खिशातून चावी काढली, कुलूप उघडलं, आणि फ्रेमला धरून गाडी बाजूला घेतली. झालं, म्हणाले.

“बरं,” तुम्ही म्हणालात, “मग ही दुसरी माझी. सीट छान आहे.”

मोठे सर थांबले. हातातली गाडी स्टँडवर लावली, चालत दुसऱ्या गाडीपाशी आले आणि सीटवर हात ठेवला. ही आमच्या सासऱ्यांनी दिलीय, म्हणाले.

“मग ही घ्या. ती माझी.”

“तिला माझी चावी लागते.”

“मग ती घ्या.”

ते परत तिकडं गेले. दोन पावलं गेल्यावर मान वळवून सीटकडं पाहिलं आणि परत इकडं आले. आणि चौथीतून ती तिरक्या वेणीची पुढं आली आणि आपण वर्गात विचारतो तसं, अगदी साध्या आवाजात विचारलं, “सर, तुम्हाला कुणी उठवलं?”

अप्पांच्या हातातून टोपी पडली. मोठे सर तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या मिशीची एक बाजू हलली, मग दुसरी. “ह्या सीटनं,” ते म्हणाले, आणि मागं वळून आपल्या खोलीत निघून गेले. दार लावलं. आतून जो आवाज आला त्याला खोकला म्हणायचं का हसू, ह्यावर पुढच्या शनिवारी आपला अख्खा तास गेला. म्हणजे तास राहिला. दाखल्याचं नाव परत कुणी काढलं नाही. त्या सोमवारी तोल मात्र तिनं दिला, शाळेचा शिपाई बाजूला सरकला आणि तिच्या हातात दांडकं दिलं. तोल नव्हे, टोल. माझं हे असंच होतं.

अप्पांनी पुढच्या रविवारी दोन्ही गाड्या दुकानात आणवल्या आणि सगळे भाग माझ्या हातून परत जिथले तिथं लावून घेतले. तुम्ही शेजारी पत्र्याच्या डब्यावर बसून चहा पीत होतात. अप्पा हात धुवायला आत गेले तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात की तुम्हाला पहिल्याच शनिवारी कळलं होतं, तुमचं डावं पायडल करकरायचं आणि त्या दिवशी ते गप्प झालं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तुम्ही म्हणालात, “मलाही बघायचं होतं, कितव्या भागाला मी ओरडतो.” आणि मग, आता तरी उठणार का? मी मान खाली घालून नट आवळत राहिलो. आवळायला काही उरलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. आठवीत मी एका ट्रकबरोबर दांडेलीला पळालो, पंधरा दिवसांनी परत आलो तर तुम्ही नव्हतात. ताप डोक्यात गेला म्हणाले. तेरावंही होऊन गेलं होतं. तुमच्या घरच्या काकूंनी तुमची सायकल अप्पांकडं आणून लावली आणि म्हणाल्या, तुमच्या पोराला हवी तर द्या, त्याला हिचा प्रत्येक नट ओळखीचा आहे. नववी मी पुरी केली नाही. सायकल मात्र चालवत राहिलो. टायर दांडेलीत बदलले, पायडलं धारवाडात, सीट गोकुळ रोडच्या भंगारातून, हँडल कुठून आलं आठवत नाही. बेलूरला एक बैलगाडी अंगावर आली, बैलाला काही झालं नाही, फ्रेम मात्र वाकली. अप्पांनी दुसरी फ्रेम दिली. तुमच्या गाडीतलं काहीही उरलं नाही, मास्तर.

इथल्या शाळेचे मास्तर बहिणीच्या लग्नाला गेलेत. मी गावात हातपंपाचं काम करायला आलो होतो, मला म्हणाले, आठवडाभर पोरं तेवढी सांभाळ. आज शेवटच्या तासाला मी दार लोटलं. पट्ट्या नाहीत, तर खडूनं रेघ मारली. फणसाखाली उभी असलेली सायकल दाखवली, काय काय बदललंय ते सगळं सांगितलं, आणि विचारलं, ही तीच गाडी का? आणि सवयीनं इल्लावर जाऊन बसलो. बरीच पोरं माझ्या मागं येऊन बसली, मोठा माणूस बसला म्हणून. हौदुवर एकच उरली, दुसरीतली, शेंबूड वर ओढणारी, घरात कानडी आणि मराठी मिसळून बोलणारी. ती म्हणाली, “अण्णा, मग सकाळी तू आम्हाला, मास्तरांच्या गाडीला हात लावू नका, का म्हणालास?”

मी म्हणालो होतो. मी नेहमीच तसं म्हणतो. अप्पाही म्हणतात, दांडेलीतले वखारवालेही म्हणायचे, तुझ्या मास्तरांची गाडी सावलीत घे. मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

मी उठलो, मास्तर. तेरा-चौदा वर्षांनी उठलो. तीन पावलांची खोली, तरी वेळ लागला. पोरांना नियम सकाळीच शिकवला होता, तर सगळी ओरडली, कुणी उठवलं? मी तिचं नाव घेतलं. टोल म्हणून इथं रुळाचा तुकडा टांगलाय, तिचा हात पोचेना, मी उचलून धरली. तिनं एवढा वाजवला की रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला.

आता राहिलं एकच. मघाशी लिहिलं की तुमच्या गाडीतलं काही उरलं नाही. ते खरंच आहे, पण गाडीवर एक जुनी वस्तू आहे. घंटीची वाटी. त्या रविवारी मी सगळं परत लावलं, वाट्या नाही लावल्या. त्या कुणाच्या लक्षातच आल्या नव्हत्या, अप्पांच्याही नाही, आणि माझं काहीतरी एक राहावं असं मला वाटलं. तुम्ही शेवटपर्यंत मोठ्या सरांची घंटी वाजवत फिरलात. मी दर गाडीला, दर हँडलला तीच वाटी फिरवून बसवत आलो. मोठे सर आता धारवाडात राहतात, थकलेत, पण सायकल अंगणात आहे आणि तिच्यावर तुमची वाटी आहे, मी कुंपणावरून बघितलीय.

उद्या जाऊन बदलून आणतो. हातानंच फिरते, पानासुद्धा लागत नाही. ते विचारतील, कुणी केलं हे? आता समजा म्हणायला तुम्ही नाही, तर मलाच मी म्हणावं लागेल. म्हणेन असं वाटतंय. तुम्हाला म्हणून सांगतो, गेल्या महिन्यात दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलो होतो, आणि दोन्ही वेळा घंटी वाजवून पळालोय.